बंपर ठोकला, रिपेअर करू की नवीन टाकू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारीकशी धडक, कोणाला काही लागलं नाही, पण बंपर गेला. यानंतर येणारे प्रश्न ठरलेलेच असतात म्हणून सगळे एकदाच इथे टाकतोय. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, आपण ज्याला बंपर म्हणतो ते बाहेरचं रंगवलेलं प्लास्टिक म्हणजे नुसतं कव्हर असतं. रिपेअर की नवीन हा निर्णय बहुतेक जण ते कव्हर बघून घेतात आणि तिथेच फसतात, कारण उत्तर कव्हरच्या मागे असतं.

धडक झाल्यावर लगेच काय बघू?

आधी गाडी बाजूला सुरक्षित जागी घ्या, पार्किंग लाईट लावा, मग फोटो. फोटो काढताना नुसता फुटलेला भाग जवळून काढू नका, थोडं लांबून दोन्ही गाड्या, नंबर प्लेट आणि आजूबाजूचा रस्ता एका फ्रेममध्ये येईल असाही एक काढा, नंतर तोच उपयोगी पडतो.

पुढून ठोकली असेल तर खाली वाकून गाडीखाली काही गळतंय का ते बघा. हिरवं, गुलाबी किंवा नारिंगी पाणी दिसलं तर ते कूलंट आहे, म्हणजे रेडिएटरला मार लागलाय, गाडी चालू करू नका. एसी चालू असेल तर नुसतं साधं पाणी थेंब थेंब पडतं, त्याला घाबरायचं कारण नाही. बॉनेट नीट उघडतंय आणि लॉक होतंय का बघा, हेडलाईट हलतोय का ते हाताने हलवून बघा. मागून ठोकली असेल तर डिकी उघडबंद करा आणि डिकीतलं मॅट उचलून स्टेपनीची जागा बघा. तिथल्या पत्र्याला सुरकुती पडली असेल, किंवा जोडावरचं सीलंट तडकलं असेल, तर मामला बंपरपुरता राहिलेला नाही.

बंपरच्या आत नक्की असतं तरी काय?

बाहेरचं कव्हर, बहुतेक गाड्यांत पॉलीप्रॉपिलीन आणि रबर मिसळलेलं प्लास्टिक. त्याच्या मागे फोम किंवा मधमाशीच्या पोळ्यासारखी प्लास्टिकची जाळी, हे धक्का शोषतं आणि पायी चालणारा माणूस मध्ये आला तर त्याच्या पायाला कमी लागावं म्हणूनही असतं. त्याच्या मागे स्टीलचा किंवा ॲल्युमिनियमचा आडवा बार. तो बार दोन्ही टोकांना छोट्या डब्यांवर बसवलेला असतो, त्यांना क्रॅश बॉक्स म्हणतात. हे डबे मुद्दाम असे बनवलेले असतात की चेपायचं झालं तर आधी ते चेपावेत आणि चासी वाचावी. शिवाय साईडचे ब्रॅकेट, ढीगभर क्लिपा, वायरिंग, फॉगलॅम्प, सेन्सर, आणि काही गाड्यांत फोमच्या खाचेत एक बारीक रबरी नळी असते, ती पादचाऱ्याला धडक बसली हे ओळखण्यासाठी असते. ती नळी परत त्याच खाचेत बसली पाहिजे, घाईत जोडणारे ती फोमच्या मागे कशीही कोंबून देतात.

अगदी हळू लागलं होतं हो, तरी एवढं कसं फुटलं?

हळू म्हणजे किती, हा प्रश्न आहे. बंपरच्या चाचण्या ज्या वेगाने होतात तो वेग ऐकून लोकांना धक्काच बसतो. संयुक्त राष्ट्रांच्या ४२ नंबरच्या नियमात समोरून धडक ताशी ४ किलोमीटरची आणि कोपऱ्यावरची ताशी २.५ किलोमीटरची. अमेरिकेत १९७० च्या दशकात ताशी ५ मैलांची अट होती, ती १९८२ मध्ये अडीच मैलांवर आणली, म्हणजे तेही साधारण ४ किलोमीटरच. माणूस चालतो तेवढा हा वेग. त्यात परत धक्क्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, ४ च्या जागी ८ ने ठोकलं तर मार दुप्पट नाही, चौपट. त्यामुळे सिग्नलला पुढच्या गाडीवर 'जरासं' गेलो म्हणणाऱ्याचा बंपर फुटला तर त्यात कंपनीने हलका माल लावला असं काही नसतं.

रिपेअर होईल का नवीनच टाकावा लागेल, हे कसं ठरवायचं?

बंपर खोलून. बाहेरून बघून कोणी छातीठोक सांगत असेल तर तो अंदाज आहे, चांगला असेल पण अंदाजच. हे प्लास्टिक लवचिक असतं, धडक बसली की आत जातं आणि परत उसळून जागेवर येतं, बाहेरून बघाल तर दोन चरे आणि थोडा रंग उडालेला, आणि मागे फोमचे दोन तुकडे झालेले आणि बार मध्येच आत गेलेला. उलटही होतं, कव्हर फाटून लोंबतंय पण मागे सगळं शाबूत.

खोलायच्या आधी एक अंदाज घरीच घेता येतो. बंपर आणि फेंडर (चाकावरचा पत्रा) यांच्यामधली गॅप दोन्ही बाजूंनी बघा, बोट फिरवून बघा. डावीकडे नखही जात नाही आणि उजवीकडे बोट जातंय, म्हणजे काहीतरी सरकलंय, लॉक (बंपर गाडीला अडकवून धरणारा प्लास्टिकचा खटका) तुटलंय किंवा मागचा बार वाकलाय. हेडलाईटच्या खालची रेष दोन्हीकडे सारखी आहे का बघा. मोबाईलचा टॉर्च लावून पुढच्या ग्रिलच्या जाळीतून आत बघितलं तरी बरंच कळतं.

आता खोलल्यावर. ओरखडे, पोचा, हातभर लांबीच्या आतला एखादा सरळ तडा, एखादं लॉक तुटलेलं, हे सगळं रिपेअर होतं आणि चांगलं होतं. तुकडाच गायब आहे, तडे चार दिशांना गेलेत, एका बाजूचे सगळे लॉक गेलेत, किंवा तडा नेमका सेन्सरच्या भोकातून किंवा रडारच्या (काही गाड्यांत आजूबाजूच्या गाड्या ओळखायला बंपरमागे बसवलेला सेन्सर) समोरून गेलाय, तर नवीन. आणि बार वाकला असेल तर बार बदलायचाच, ठोकून सरळ करायचा नाही. एकदा वाकून सरळ केलेला बार पुढच्या वेळी आधीइतका जोर घेत नाही, ॲल्युमिनियमचा असेल तर सरळ करतानाच बारीक चिरतो. क्रॅश बॉक्स चेपला असेल तर तोही बदला. फोम तुटला किंवा दबून तसाच राहिला असेल तर तोही. कव्हर रिपेअर करून पैसे वाचवा, मागच्या सामानावर वाचवू नका, माझं तरी यावर ठाम मत आहे.

नुसते ओरखडे आहेत, घरी जातील का?

नख फिरवा. नख अडकत नसेल तर चरा क्लिअर कोटच्या, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक लेपाच्या, वरच्या थरातच आहे, रबिंग कंपाउंड आणि मायक्रोफायबर कापड घेऊन हाताने घासलं तरी बराच जातो. नख अडकलं तर क्लिअर कोट कापला गेलाय, मग टच-अप किंवा रंगकाम. खाली काळं प्लास्टिक दिसत असेल तर कंपाउंड घासत बसू नका, उपयोग शून्य. दुसऱ्या गाडीचा रंग आपल्या बंपरवर घासून बसलाय असंही बऱ्याचदा असतं, लोकांना वाटतं आपलाच रंग गेला, कंपाउंडने तो निघाला की खाली आपला रंग जसाच्या तसा. थिनर मात्र ओतू नका, तो दुसऱ्याचा रंग काढताना आपलाही मऊ करतो.

पोच्यावर गरम पाणी ओतून तो निघतो हे खरं आहे का?

खरं आहे, पण व्हिडिओत दाखवतात तेवढं नेहमी नाही. तीक्ष्ण कोपरा न पडलेला, गोलसर, मोठा पोचा असेल आणि मागून हात पोचत असेल तर उकळतं पाणी ओता, प्लास्टिक मऊ झालं की जाड हातमोजे घालून मागून ढकला आणि लगेच गार पाणी टाका म्हणजे आकार धरतो. घडी पडल्यासारखी कडक रेष असेल तर ती राहतेच. हॉट एअर गन वापरणार असाल तर ती सतत हलती ठेवा, एका जागी धरली की आधी रंगाला फोड येतात आणि मग प्लास्टिक झोळ खातं. आणि थंडीच्या दिवसात प्लास्टिक गरम न करता मागून जोरात बुक्की मारू नका, पोच्याचा तडा होतो. पोचा निघाल्यावर तिरप्या उजेडात रंग बघा, क्लिअर कोटला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर काही महिन्यांत तिथून पापुद्रे निघणार.

तडा गेलाय, प्लास्टिक वेल्डिंग टिकतं का?

नीट केलं तर टिकतं. नीट म्हणजे काय ते बघा. आधी प्लास्टिक कोणतं ते ओळखायचं, बंपरच्या आतल्या बाजूला धुळीखाली उठावाची अक्षरं असतात, ओल्या कपड्याने पुसली की दिसतात, पीपी (म्हणजे पॉलीप्रॉपिलीन), ईपीडीएम, टीपीओ, एबीएस, पीसी, पीयूआर असं काहीतरी. तडा भरायला वितळवतात तो प्लास्टिकचा रॉड त्याच जातीचा लागतो, पीपीवर एबीएसचा रॉड जीव धरत नाही. पाण्यात तुकडा टाकून तरंगला तर पीपी, अशी एक ट्रिक सांगतात, पण हल्ली पीपीत टाल्क (दगडाची बारीक पूड) मिसळलेली असते आणि जास्त टाल्कवालं पीपी बुडतंही, त्यामुळे अक्षरंच वाचा.

मग तड्याच्या टोकाला छोटं भोक पाडतात म्हणजे तडा पुढे सरकत नाही. तड्याच्या दोन्ही बाजू तासून इंग्रजी व्ही सारखी खाच करतात आणि त्यात रॉड वितळवून भरतात, शक्यतो आतून आणि बाहेरून दोन्हीकडून. आतून स्टीलची जाळी किंवा नागमोडी पिना गरम करून पुरतात. धूर निघायला लागला किंवा प्लास्टिक तपकिरी झालं तर समजा जास्त तापलं, ते वेल्ड ठिसूळ होणार. नुसत्या पिना मारून वर पुट्टी ओढणं हे वेल्डिंग नाही, महिन्या-दोन महिन्यात त्याच रेषेवर रंग फाटतो आणि मग लोक म्हणतात प्लास्टिक वेल्डिंगच बेकार. पीयूआर लिहिलं असेल तर ते वितळतच नाही, जळतं, त्याला दोन भाग मिसळून लावायचं अॅडेसिव्ह लागतं.

झटपट चिकटणारा गोंद लावला तर?

पीपीवर बसत नाही. त्याचा पृष्ठभागच असा असतो की गोंद, रंग, स्टिकर काहीच सहजासहजी धरत नाही. दोन दिवस धरल्यासारखं वाटेल, मग खड्ड्यात गाडी आपटली की सुटेल, आणि कडेला वाळलेला गोंद साफ करायचं काम रिपेअरवाल्याला वाढेल.

लॉक तुटलंय, स्क्रू मारून बसवून देतो म्हणतोय, चालेल का?

आतल्या बाजूने, दिसणार नाही अशा जागी ब्रॅकेट लावून केलं तर तात्पुरतं चालेल. बाहेरून कव्हरमधून आरपार स्क्रू म्हणजे पुढच्या वेळी बंपर काढताना तिथूनच फाटणार, शिवाय प्लास्टिक उन्हात पसरतं आणि थंडीत आकसतं, त्याला कंपनीने लांबट भोकं देऊन हलायला जागा ठेवलेली असते, स्क्रूने ती बंद होते. लॉकच्या मुळाशी प्लास्टिक पांढरट पडलेलं दिसलं तर ते अजून तुटलं नाही पण तुटायच्या बेतात आहे, बंपर खोललेला असतानाच त्याला मागून वेल्डचा थर द्यायला सांगा. आणि क्लिपा नवीन घ्या. बऱ्याचदा लॉक तुटलेलंच नसतं, साईडचा छोटा ब्रॅकेट तुटलेला असतो, तो वेगळा मिळतो आणि बंपर वाचतो.

नवीनच टाकायचा असेल तर कंपनीचा, आफ्टरमार्केट की वापरलेला?

कंपनीचा महाग पण बसतो. तोही बहुतेक वेळा काळा किंवा प्रायमर मारलेला येतो, रंगकाम वेगळं, हे एस्टिमेटमध्ये बघून घ्या. जाळी, फॉगलॅम्पची फ्रेम, ब्रॅकेट, क्लिपा, टो-हुकचं (गाडी ओढायच्या हुकचं) झाकण हे सगळं वेगवेगळे पार्ट असतात, 'बंपर' म्हटल्यावर ते सोबत येतीलच असं नाही.

आफ्टरमार्केट, म्हणजे गाडीच्या कंपनीऐवजी दुसऱ्या कोणी बनवलेले, चांगलेही असतात आणि फालतूही, अडचण ही की बॉक्स उघडेपर्यंत कळत नाही. म्हणून अट एकच, रंगवायच्या आधी गाडीवर चढवून बघा. गॅप, हेडलाईटची रेष, सेन्सरची भोकं, सगळं कोरड्या फिटिंगला जुळलं तरच रंग मारा. एकदा रंग लागला की दुकानदार परत घेत नाही, आणि मग 'थोडं ओढून बसवतो' सुरू होतं. वापरलेला बंपर त्याच रंगाचा मिळाला तर नशीबच, पण तो उलटा करून आतून बघा, आधीच वेल्ड मारलेला किंवा पुट्टी भरलेला असू शकतो. बार आणि फोम मात्र वापरलेले घेऊ नका.

रंग जुळला नाही, बंपर वेगळाच दिसतोय. फसवलं का?

असेलही, नसेलही. नव्या कोऱ्या गाडीचा बंपरसुद्धा नीट बघितला तर कधीकधी बॉडीपेक्षा किंचित वेगळा दिसतो. बॉडीचा पत्रा कारखान्यात साधारण १४० अंशाला भाजतात, तेवढ्यात प्लास्टिक वाकडं होईल, म्हणून बंपर वेगळे, कमी तापमानाला रंगवले जातात. त्यात मेटॅलिक रंगातले ॲल्युमिनियमचे कण कसे झोपतात त्यावर शेड बदलते, समोरून एक आणि तिरकं बघितलं की एक. पण दहा फुटांवरून कोणालाही कळेल एवढा फरक असेल तर काम परत करून मागा. कलर कोड गाडीच्या प्लेटवर असतो, बहुधा दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली, पण एकाच कोडमध्येही शेड मागेपुढे असतात आणि उन्हात गाडीचा रंग उतरलेलाही असतो. चांगला पेंटर आधी एका पट्टीवर मारून गाडीला लावून उन्हात बघतो, नुसता कोड टाकून मशीनमधून रंग काढून मारणारा बघत नाही. पर्ल व्हाईट वगैरे तीन थरांचे रंग असतील तर जास्तच जपून.

रंग पापुद्र्यासारखा का निघतोय?

जवळजवळ नेहमी एकच कारण, उघड्या प्लास्टिकवर ॲडहीजन प्रमोटर (रंग प्लास्टिकला धरावा म्हणून आधी मारायचा थर) मारला नाही किंवा त्याआधी नीट धुतलं नाही. नवीन बंपरवर साच्यातून सुटायला लावलेला तेलकट थर असू शकतो, तो साबणाने आणि मग सॉल्व्हंटने पुसायचा, स्कफ पॅडने घासायचा, मग प्रमोटर, मग पुढचं. काम द्यायच्या आधी 'प्रमोटर मारता का' एवढंच विचारा, समोरचा 'ते काय असतं' म्हणाला तर दुसरीकडे जा.

पार्किंग सेन्सर आणि रडार आहे, काही वेगळं करावं लागतं का?

हो, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं. पार्किंगचे गोल सेन्सर अल्ट्रासोनिक, म्हणजे आपल्याला ऐकू न येणाऱ्या आवाजावर चालणारे, असतात, त्यांचं तोंड स्वतः थरथरतं, त्यावर दोन-तीन वेळा जाड रंग मारला तर ते बहिरे होतात, नाहीतर रिकाम्या जागेतही टूं टूं करत बसतात.

रडारचं अजून नाजूक. ते ७७ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतं, म्हणजे लहर जेमतेम ४ मिलीमीटरची. त्याच्यासमोर मिलीमीटरभर पुट्टी, वेल्डचा थर, आतली स्टीलची जाळी किंवा ॲल्युमिनियमचे कण असलेल्या रंगाचे चार थर आले की सिग्नल वाकतो किंवा अडतो. म्हणून बऱ्याच कंपन्या रडारच्या समोरच्या भागात रिपेअरच करू देत नाहीत, रंगाच्या जाडीलाही मर्यादा घालतात. पुढचं रडार जाळीमागे किंवा बंपरच्या खालच्या भागात असतं, ब्लाइंड स्पॉटचे (आरशात न दिसणारी बाजूची गाडी ओळखणारे) रडार मागच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत कव्हरच्या मागे लपलेले असतात, बाहेरून दिसतच नाहीत, त्यामुळे मालकाला माहीतही नसतं. ब्रॅकेट अंशभर वाकला तर १०० मीटरवर पावणेदोन मीटरचा फरक पडतो, गाडी शेजारच्या लेनमधल्या ट्रकला बघून ब्रेक मारू शकते. बंपर काढला किंवा बदलला तर तुमच्या मॉडेलला कॅलिब्रेशन (सेन्सर परत अचूक जुळवून घेणं) लागतं का ते कंपनीच्या मॅन्युअलप्रमाणे तपासून घ्या, आणि 'डॅशबोर्डवर वॉर्निंग नाही म्हणजे ठीक आहे' हे मान्य करू नका.

माझा बंपर काळा, बिनरंगाचा, खडबडीत आहे. तो रिपेअर होतो का?

जोडला जातो, पण डाग दिसतोच. घासलं की तो दाणेदार पोत जातो आणि परत हुबेहूब येत नाही. चरे हलके असतील तर हॉट एअर गनने काळेपणा थोडा परत येतो. दिसण्याचं मनावर घेत असाल तर सरळ बदला, बिनरंगाचा असल्यामुळे रंगकामाचा खर्च तसाही वाचतो.

काम होईपर्यंत गाडी चालवू का?

लाईट, इंडिकेटर, नंबर प्लेट ठीक, काही गळत नाही, टायरला काही घासत नाही, बंपर घट्ट आहे, तर चालवा. सैल असेल तर टेप आणि झिप टाय लावून हळू गॅरेजपर्यंत. हायवेवर नको, वारा कव्हरच्या आत शिरला की ते उचकटतं आणि मागच्याच्या काचेवर जातं.

विमा क्लेम करू की खिशातून भरू?

आधी एस्टिमेट घ्या, मग तुमचा स्वतःचा भरायचा हिस्सा आणि क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट जाऊन हातात काय राहतं ते मांडून बघा. नुसतं रंगकाम असेल तर बऱ्याचदा क्लेम परवडत नाही. बार, रडार, हेडलाईट यात आले की क्लेमच बरा. पण खोलल्यावर काय निघेल माहीत नसतं, त्यामुळे खोलायच्या आधीच 'खिशातूनच भरतो' ठरवून टाकू नका, आणि विमा कंपनीने पाहणी करायच्या आधी काम सुरूही करू नका. समोरच्याची चूक असेल आणि तो जागेवर रोख देऊन मिटवू म्हणत असेल तर बंपरच्या मागे काय झालंय हे त्यालाही माहीत नाही आणि तुम्हालाही, एवढं लक्षात ठेवा.

इलेक्ट्रिक गाडी आहे, काही धोका?

बंपरपुरतं काम तेच. नारिंगी रंगाची वायर कुठेही उघडी किंवा दबलेली दिसली तर हात लावू नका, गाडीपासून लांब उभे राहा आणि त्या कामाचं ट्रेनिंग असलेल्यालाच बोलवा. चार्जिंग पोर्ट पुढे असलेल्या गाड्यांत पोर्टचं झाकण आणि आतला भाग तपासल्याशिवाय चार्जिंगला लावू नका.

बंपर गार्ड लावला तर पुढच्या वेळी वाचेल ना?

बंपर वाचेल, पण तो धक्का क्रॅश बॉक्सला चुकवून सरळ चासीवर जातो, एअरबॅगच्या सेन्सरची वेळ चुकू शकते आणि पायी चालणाऱ्याचं हाड मोडतं. नको.

गाडी परत घेताना काय तपासू?

दिवसा उजेडी घ्या, संध्याकाळी ट्यूबलाईटखाली नाही. दोन्ही बाजूंच्या गॅप, बोट फिरवून. बंपर कोपऱ्यात हाताने दाबा, खडखडला तर क्लिप नाही. फॉगलॅम्प, इंडिकेटर, हॉर्न, वॉशर, सगळे पार्किंग सेन्सर एकेक करून हात पुढे धरून. बॉनेट आणि डिकी दोनदा उघडबंद. टो-हुकचं छोटं झाकण आहे का बघा, ते हरवणं हा जणू नियमच आहे. बदललेले जुने पार्ट दाखवा म्हणा, विशेषतः बार आणि फोम, म्हणजे बिलात लिहिलेलं खरंच बदललंय हे कळतं.

मग धुवू कधी?

ज्याने रंग मारला त्याला विचारा, प्रत्येक क्लिअर कोटचं वेगळं असतं. साधारण पहिला आठवडा प्रेशर वॉश नाही, ब्रशवालं मशीन नाही, महिनाभर वॅक्स नाही, आणि पक्ष्याची घाण पडली तर लगेच पाण्याने काढायची, वाळू द्यायची नाही.